सपाट शीड

उत्तम,

तू जाऊन महिना होत आला. तुझ्या पुण्यानुमोदनाचा मंडप मीच टाकला. पांढरा, बिनझालरीचा. तुला झालरी आवडत नसत, 'हे कायले लोंबून राह्यलं' म्हणायचास. दुपारी वारा सुटला तेव्हा पोरांनी कनाती वर गुंडाळल्या, वाऱ्याला जायला वाट करून दिली. आमच्या धंद्यातलं पहिलं काम तेच. वारा अडवायचा नाही, जाऊ द्यायचा.

भंतेजींचं झालं, तुझ्या ऑफिसातले दोघं-तिघं बोलले, तुझी लेक प्रज्ञा बोलली आणि मध्येच थांबली. मग माझं नाव पुकारलं. मी उभा राहिलो. 'उत्तम माझा शाळेपासूनचा मित्र होता. भला माणूस होता,' एवढं म्हणालो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, दुःखामुळे. शोभावहिनीने मात्र माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

बोलायचं पुष्कळ होतं. पण ते माईकवर बोलायचं नव्हतं, आणि ज्याला सांगायचं तो पुढे फोटोत होता, हाराखाली. म्हणून आता लिहितो. मला लिहायची सवय नाही, तुला ठाऊक आहे. पावतीच्या पलीकडे मी कधी काही लिहिलेलं नाही.

सरळच सांगतो. तुझ्या नावेचं शीड मी चुकीचं कापलं, आणि ते जाणूनबुजून कापलं.

पहिलं शीड नव्हे, दुसरं. पहिल्या शिडाची गोष्ट सगळ्या रिठद गावाला पाठ आहे, तूच ती लोकांना सांगायचास. मंडपाच्या जुन्या कापडाचं शीड मी शिवून आणलं, आपण ते धरणावर नेऊन काठीला चढवलं, आणि नाव जागची हलेना. शीड नुसतं फुसफुसत होतं. तू जवळ जाऊन पाहिलंस, तर कापडात अर्धचंद्राच्या चिरा. फ्लेक्सच्या बोर्डाला मारतो तशा, ओळीने, नीट दुमडून शिवलेल्या.

'अबे दिगू, हे भोकं काहून केले?'

'वारा जायले.'

तू माझ्याकडे पाहिलंस, मग शिडाकडे, मग खालीच बसलास, हसत. काठावर जाळं सोडवत बसलेला भोयांचा म्हातारा म्हणाला, 'मंडप टाकून राह्यले का पान्यात? लगन कोनाचं हाये?'

ती चूक खरी होती. आसेगावच्या त्या लग्नात माझा मंडप वाऱ्याने उचलला होता, बल्ल्यांसकट, आणि आचाऱ्याच्या पायावर उकळतं वरण सांडलं होतं. तेव्हापासून कापडाचा मोठा तुकडा हातात आला की कात्री आपोआप चिरा मारते. शीड म्हणजे वारा धरून ठेवायचं कापड, हे डोक्याला कळलं होतं, हाताला कळलं नव्हतं. या चुकीवर मीही मनापासून हसलो. पण या खऱ्या चुकीच्या आड मला दुसरी लपवता आली. दिगू मंडपवाला, त्याच्याकडून असं व्हायचंच, असं सगळ्यांचं ठरून गेलं होतं.

दुसऱ्या शिडाकडे येतो. पण आधी तुझ्या खुळाबद्दल बोलू दे, नाहीतर हे सगळं गुन्ह्याच्या जबानीसारखं होईल.

नागपूरला आरेखकाच्या ट्रेनिंगला गेलास तेव्हा रद्दीच्या दुकानातून ते परदेशी मासिकांचं बंडल आणलंस. सगळी शिडाच्या नावांची. समुद्र तू पाहिलेला नव्हता, मीही नव्हता. पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात दिवसभर कालव्यांचे नकाशे काढायचे आणि संध्याकाळी माझ्या दुकानात शिलाई मशीनशेजारच्या स्टुलावर बसून नावांची चित्रं उलटायची. एका बोटाने खालचं नाव झाकायचास आणि म्हणायचास, 'ओयख.'

मी म्हणायचो, नाव आहे. पांढरी आहे.

'रंग पाहू नको, रंग फसवते. पहिले काठ्या मोज. मंग काठी कुठी उभी हाये थे पाह्य. मंग शिडं मोज.'

तसं तू मला शिकवलंस. एक काठी, नाकापासून बरीच मागे, मोठ्या शिडापुढे एक छोटं शीड: स्लूप. तशीच, पण पुढे दोन छोटी शिडं: कटर. दोन काठ्या आणि मागची उंच: स्कूनर. दोन काठ्या आणि मागची ठेंगणी असेल तर घोटाळा, मग सुकाणू कुठे आहे ते शोधायचं. ठेंगणी काठी सुकाणूच्या पुढे असेल तर केच, सुकाणूच्याही मागे, पार शेपटाशी असेल तर यॉल. यॉल आणि केचमध्ये मी वर्षभर चुकलो. तू कधी कंटाळला नाहीस. मी बटणं लावत असायचो आणि तू चित्र नाकासमोर धरायचास. गिऱ्हाईक दारात उभं, आणि तू त्यालाही विचारायचास.

आणि एक काठी, अगदी नाकाशी, एकच मोठं शीड, दुसरं काहीही नाही: कॅटबोट. ती तुझी.

मला ती पहिल्यांदा पाहून हसू आलं होतं. लांबीच्या निम्मी रुंद. 'हे काय, म्हैस हाये,' मी म्हणालो होतो.

'म्हैस पान्यात पाह्यली का कधी? बाहेर बोजड दिसते. पान्यात गेली का रानी.'

मग तू मला ते नीट सांगितलंस. उथळ खाड्यांतल्या मासेमाऱ्यांनी ही नाव बनवली. खाली खोल बूड नाही, मधली फळी वर-खाली होते, पाणी कमी असलं की वर ओढून घ्यायची. वरची तिरपी काठी उचलली की चौकोनी शीड एका दोरात वर. रुंद म्हणून कलंडत नाही. आपल्या धरणात चैत्रात पाणी उतरतं, खाली गाळ, बुडालेल्या बाभळींची खोडं. खोल बुडाची नाव अडकेल, ही अडकणार नाही. तुझं बोट त्या चित्राच्या कडेवरून फिरायचं, पुढचा गोल भाग, मागचं रुंद सुकाणू, दाराच्या फळीएवढं. लोक घोड्यावरून हात फिरवतात तसं. 'पाह्य, एकही रेघ फालतू नाई,' तू म्हणायचास. ते मला आता कळतं. तेव्हा मला एवढंच कळलं की तुला ती बांधायची आहे.

आणि तू म्हणालास, 'याची खुबी सांगू का? एकट्या मानसाची नाव हाये. दुसऱ्याची गरजच नाई.'

आपला वाद तिथे सुरू झाला आणि तू गेलास तरी मिटला नाही. मी म्हणायचो, काठी नाकाशी नको. बंडीत पुढे फार भार टाकला की जू बैलांच्या मानेवर दाबतं. नावेचंही नाक दबेल. काठी मागे घे, पुढे छोटं शीड लाव. स्लूप कर. तू म्हणायचास, पाण्याला मान नसते, आणि काठी हलवली की ती कॅटबोटच राहत नाही. मी बंडीची गोष्ट पुढे करायचो, तू चित्रं पुढे करायचास. वहिनी चहा आणून ठेवायच्या आणि म्हणायच्या, 'तुमच्या दोघाइची नाव घरातच बुडते.'

खरं कारण बंडी नव्हतं, उत्तम. स्लूपमध्ये पुढच्या शिडाचा दोर धरायला दुसरा माणूस लागतो. मासिकातल्या एका चित्रात दोघं बसलेले होते, एक सुकाणूशी, एक पुढे दोर धरून. ते चित्र पाहिल्यापासून मला स्लूप हवी होती. हे तुला सांगायला किती वेळ लागला असता? एक वाक्य. पण पन्नाशीकडे आलेल्या माणसाने मित्राला 'मलाही घे' म्हणायचं, ते मला जमलं नाही.

नाव तुझ्या अंगणात लिंबाखाली उभी राहिली. सुताराला तू कागद दाखवायचास आणि सुतार मला विचारायचा, 'हे साहेब बरोबर हायेत ना?' गावाने तिचं नाव परात ठेवलं. परात कुठवर आली, असं लोक तुला एसटी स्टँडवर विचारायचे आणि तू खरोखर माहिती द्यायचास.

मग चिरांचं शीड झालं, हसणं झालं, आणि तू नागपूरहून घट्ट विणीचं नवं कापड आणलंस. ते घेऊन दुकानात आलास त्या दिवसाबद्दल सांगायचं आहे.

सोबत तू बांबूची लांब कामटी आणली होतीस. जमिनीवर कापड पसरलं, तीन खिळे ठोकले, कामटी त्यांच्यात वाकवून धरली आणि खडूने रेघ मारून दाखवलीस. प्रत्येक पट्ट्याची कड अशी बाकदार कापायची. बाक जेमतेम दोन बोटांचा. बाकदार कडा एकमेकींना जोडल्या की कापडाला मधून पोट येतं, आणि पोटाशिवाय शीड ओढत नाही.

'तुले कायले सांगून राह्यलो म्हना. ब्लाऊजले टक्स देतेस ना? थेच.'

तेच होतं. माझा बाप शिंपीकाम करायचा, मी दहा वर्षांचा असताना टक्स घ्यायला शिकलो. सपाट कापडाला अंग कसं येतं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. म्हणूनच पुढे मला 'कळलं नाही' असं म्हणता येणार नाही.

तेवढ्यात तुझा फोन वाजला. मुंबईचा तो शिडाच्या नावांचा हौशी माणूस, ज्याच्याशी तू फोनवर तासन्‌तास बोलायचास. तो नाव पाहायला येणार होता. तू उभा राहून बोलत होतास, मी खाली बसून खडूची रेघ पाहत होतो.

'हां हां, सेल तैयार हो रहा है. मेरा एक टेलर है इधर, वो सी रहा है.' मग तू हसलास. 'नहीं नहीं, अकेला ही चलाऊंगा. कॅटबोट में दूसरे आदमी का काम ही क्या है?'

एवढंच. त्यात वाईट काही नव्हतं. मी टेलरच आहे, आणि नाव एकट्याचीच होती. तू फोन ठेवलास, माझ्या पाठीवर थाप मारलीस आणि गेलास.

मी सगळ्या पट्ट्यांवर कामटीने बाक काढला. खडूच्या रेघा सुंदर आल्या होत्या. मग कात्री त्या रेघांच्या आतून नेली, सरळ. एकामागून एक सगळे पट्टे. दुपारच्या चहापर्यंत काम उरकलं. शिवून झाल्यावर शीड कनातीसारखं झालं, ताणलं की एक सुरकुती नाही. शिलाई इतकी साफ की तू हात फिरवून म्हणालास, 'वा लेका.'

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी भीतीने केलं. तुला पोहता येत नव्हतं, धरणावर वारा एकाएकी भडकतो, आसेगावचा मंडप माझ्या डोळ्यांसमोर होता, म्हणून शिडाचा जोर कमी ठेवला. हे कारण चांगलं आहे. कुणीही मान्य करेल. पण भीती असती तर मी तुला बोलून दाखवली असती, ट्रॅक्टरची ट्यूब तुझ्या कमरेला बांधली असती. मला राग आला होता. मेरा एक टेलर है इधर.

मुंबईचा माणूस आला. वारा बेताचा होता. नाव वाऱ्यासोबत गेली, पण सावकाश, आणि परत फिरवून वाऱ्याच्या तिरकं आणायला गेलास तेव्हा आडवी घसरत राहिली, पुढे कमी आणि बाजूला जास्त. शेवटी भोयांच्या म्हाताऱ्याने त्याच्या थर्माकोलच्या तराफ्यावरून दोर टाकून तुला ओढून आणलं. पाहुणा भला माणूस होता. त्याने चहा पिऊन झाल्यावर सांगितलं की समुद्रापासून आत, धरणाच्या पाण्यावर वारा कमी असतो, काठी मागे घ्या, पुढे एक छोटं शीड लावा, बरं पडेल.

तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हणालो, 'मी थेच सांगून राह्यलो होतो.'

कापडापेक्षा मला हे वाक्य जास्त टोचतं. कापड रागात कापलं. हे मी शांतपणे बोललो, बिस्किट चहात बुडवत.

नंतरची पाच वर्षं तू त्या नावेवर काम करत राहिलास. मधली फळी मोठी केलीस. सुकाणू तासलंस. वजन मागे हवं म्हणून रेतीच्या थैल्या भरल्यास. मी म्हणालो, रेती कशाला, मी बसतो की. तू म्हणालास, 'तू हलतेस बावा. रेती हलत नाई.' तरी कधी कधी बसवायचास, आणि मी मधल्या पाटावर गुडघे पोटाशी घेऊन तुझे हात पाहत राहायचो. दोर कधी सोडतोस, दांडा कधी दाबतोस. त्या संध्याकाळी मला चांगल्या वाटायच्या. हेही खरं आहे, आणि हे लिहायची लाज वाटते. नाव चालत नव्हती म्हणून मी तिच्यात होतो.

काठी मात्र तू हलवली नाहीस. सगळं तपासलंस. फळी, सुकाणू, वजन, बुडाचा रंग. माझी शिलाई सोडून सगळं.

निदान मला तसं वाटायचं. कारण एकदा तू दुकानात बसला होतास, मी लग्नाच्या शामियान्याचं कापड कापत होतो, आणि तू बराच वेळ कात्रीकडे पाहत राहिलास. मग म्हणालास, 'तू कापड कापतानी कधी चुकत नाईस, दिगू.'

मी म्हणालो, 'चहा घेतो का?'

तू म्हणालास, घेतो. आपण चहा घेतला. त्या वाक्याचा अर्थ मी पुष्कळदा उलटापालटा केला आहे. कौतुक होतं की दार उघडून ठेवलं होतंस? उघडून ठेवलं असलंस, तर मी त्यातून आत आलो नाही.

नाव लिंबाखाली पालथी पडली. माझीच जुनी ताडपत्री तिच्यावर. तू तिचं नाव काढेनासा झालास. फक्त सकाळचा फोटो थांबला नाही. तोवर मासिकांची जागा फोनने घेतली होती. रोज एका नावेचं चित्र आणि खाली एक शब्द: ओयख. मी मंडपाच्या बल्ल्या उतरवता उतरवता उत्तर टाकायचो. पोहरादेवीच्या यात्रेत गर्दीत उभा राहून मी तुला 'केच' लिहिलं होतं आणि तू लिहिलंस, 'सुकानू पाह्य, आंधळ्या.' मुलीच्या कामाला मुंबईला गेलो तेव्हा समुद्रावर खरोखरची एक शिडाची नाव दिसली. मी तिथूनच तुला फोन लावला. दोन काठ्या, मागची बुटकी, पार शेपटाशी. तू ओरडला नाहीस, काही नाही. नुसतं म्हणालास, 'यॉल पाह्यली तू. मी आतापोत नाई पाह्यली.' मी नुसता नावा पाहणारा माणूस राहिलो असतो, तू मला ओळखणारा केलंस. याबद्दल मी तुझे कधी आभार मानले नाहीत. आपल्यात मानतही नाहीत.

तू गेलास त्याच्या आदल्या संध्याकाळी तुझा फोटो आला. सकाळी नाही, संध्याकाळी. मासिकातली नाव नव्हती. आपलीच होती, मुंबईचा माणूस आला त्या दिवशीची, काठावरून काढलेली. शीड वर चढलेलं, आणि सपाट. पाटीसारखं सपाट. खाली तुझा शब्द.

ओयख.

मी पाहिला. तुला ते दिसलं असेल, दोन निळ्या खुणा उमटल्या असतील. मी उत्तर दिलं नाही. फोन खिशात टाकला आणि बल्ल्या मोजायला गेलो. सकाळी वहिनींचा फोन आला. तू दाढी करायला बसला होतास म्हणे, आणि आरशासमोरच कलंडलास.

तो फोटो का पाठवलास, ते मला कधीच कळणार नाही. सहज पाठवला असशील. माणूस जुने फोटो चाळतो.

मंडप उतरवल्यावर चार-आठ दिवसांनी वहिनींनी बोलावलं. अंगणात बसून त्या मेथी निवडत होत्या.

'भाऊजी, त्या हायवेवरच्या हाटेलवाल्यानं दोनदा मानूस पाठवला. नावेत कुंड्या ठेवतो म्हनते, दारासमोर. देऊन टाकू का? तुमी सांगा.'

मी म्हणालो, 'वहिनी, पहिले एक सांगाचं हाये.' आणि सांगितलं. टेलरचं, फोनचं, कात्रीचं, बिस्किटाचं. त्यांचे हात थांबले नाहीत. पाला एकीकडे, काड्या एकीकडे.

'म्हंजे नाव खराब नव्हती?'

'थे मले नाई माहीत. शीड खराब होतं.'

'अन् तुमी पाहून राह्यले. हे फळी तासून राह्यले, रेती भरून राह्यले, मी याइले शिव्या देऊन राह्यली, का पुरे करा आता थे परात. अन् तुमी इथंच बसून चहा पेत होते.'

'हो.'

'माह्या हातचा.'

'हो. माफ करा वहिनी.'

'मले कायले माफी मांगता? मी का शीड सांगतलं होतं तुमाले?' मग त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. 'याइले सांगाचं होतं. याइनं काय केलं असतं? दोन शिव्या देल्या असत्या अन् नवं शिवाले लावलं असतं.'

मी सांडलेली एक काडी उचलून काड्यांत टाकली.

'एवढं सांगा. चालली असती का नसती?'

'शिवल्याबिगर कसं सांगू?'

'मंग शिवा,' त्या म्हणाल्या आणि मेथी घेऊन आत गेल्या. दारातून परत वळून म्हणाल्या, 'अन् भाऊजी, यावेळी चहा शिवून झाल्यावर.'

कामटी दुकानातच होती. इतकी वर्षं मी तिच्यावर कापडाचे तागे गुंडाळत होतो. तीन खिळे ठोकले, वाकवली, खडू ओढला. लग्नसराई सुरू होती, पोरांना कामावर पाठवलं आणि मी दार लोटून बसलो. या वेळी कात्री रेघेवरून नेली. कापताना काय चाललं होतं मनात, तेही सांगतो, आता लपवून काय करू. मला वाटत होतं, चालू नये. काठी खरंच फार पुढे असावी, माझी बंडीची गोष्ट खरी निघावी, मुंबईवाला बरोबर असावा. म्हणजे शीड कसंही कापलं असतं तरी काही बिघडलं नसतं. नाव चालली तर मी तुझी पाच वर्षं खाल्ली. नाही चालली तर मी नुसता एक चिडका शिंपी. मी बाक अगदी अचूक कापला, आणि कापता कापता ती बुडावी असं मनात म्हणत राहिलो.

चैत्रातली दुपार. पाणी उतरलेलं, बाभळींची खोडं वर आलेली. ट्रॉलीतून नाव आणली. वहिनी बांधावर उभ्या, डोक्यावर पदर, हातात तुझा फोन. भोयांचा म्हातारा अजून आहे, डोळ्यांना कमी दिसतं त्याला. मी ट्रॅक्टरची ट्यूब कमरेला बांधली, ती पाहून वहिनी म्हणाल्या, 'पाळण्यात बसल्यासारके दिसता.'

एकटाच बसलो. तिरपी काठी वर ओढली. शीड आधी फडफडलं, मग फडफड थांबली आणि कापड आवाज न करता पुढे फुगलं. मी असं कापड माझ्या हातचं कधी पाहिलं नव्हतं. चाळीस वर्षं वाऱ्याला वाट करून देतो आहे, त्याला धरलेलं पहिल्यांदा पाहिलं. दोराने हात ओढला, सुकाणूच्या दांड्याने दुसरा हात ओढला, आणि बुडाखालून पाणी बोलायला लागलं. मधली फळी खोडाला लागली, मी ती अर्धी वर घेतली, लागायची थांबली. मग मी तू वळवायचास तशी तिला वाऱ्याच्या तिरकं वळवली. जिथे ती आडवी घसरायची, तिथे.

नाही घसरली, उत्तम. नाकही दबलं नाही. रेती नव्हती, पुढे दुसरं शीड नव्हतं, दुसरा माणूस नव्हता. ती सरळ गेली, पार पलीकडच्या काठापर्यंत, आणि मी वळवली तशी परत आली.

काठी जागेवर होती. तू बरोबर होतास, पहिल्या दिवसापासून. वाद मी हरलो. तू असतास तर फार चिडवलं असतंस.

मी गुडघाभर पाण्यात उतरलो. म्हातारा डोळ्यांवर हात धरून शिडाकडे पाहत होता. म्हणाला, 'आज मंडप नाई टाकला वाटते.'

खिशातला फोन प्लास्टिकच्या पिशवीत होता, तो वाजला. काढून पाहिला तर वर तुझं नाव. मग बांधाकडे पाहिलं; वहिनी फोन डोळ्यांजवळ धरून अजून त्याची बटणं दाबत होत्या. त्यांनी लांबून नाव टिपली होती आणि मला पाठवली होती, तुझ्या फोनवरून. त्या सपाट शिडाच्या फोटोच्या बरोबर खाली येऊन ती बसली. शब्द काही लिहिला नव्हता.

मी तू शिकवलेल्या क्रमाने पाहिलं. काठी एक. नाकाशी. शीड एकच, आणि त्याला पोट.

ओल्या बोटाने लिहिलं: कॅटबोट.

मग त्याच्या वरच्या, तुझ्या फोटोवर बोट ठेवलं, ज्याचं उत्तर राहिलं होतं. तिथे लिहिलं: हेही कॅटबोटच. शीड मी बिघडवलं होतं.

बांधावर वहिनींच्या हातात तुझा फोन दोनदा वाजला.